दारफाळणीच्या दिवसाचे वास

लहानपणी मला चौकशा फार. निपाणीत आम्हा यहुद्यांची घरं तीनच. आमचे पूर्वज तेल गाळायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून गाव आम्हांला शनिवार तेली म्हणायचं, पण घाणा तिघांपैकी कुणाकडेच नव्हता. आप्पा तंबाखूच्या वखारीत कारकून होते. हिब्रू प्रार्थना मला घडाघडा यायच्या आणि त्यांतलं ओ की ठो कळायचं नाही. आईला अर्थ विचारला तर ती म्हणायची, देवाला कळतो ना, मग तुला कशाला पाहिजे.

मग मुंबईहून नवे गुरुजी आले. पहिल्याच दिवशी त्यांनी पुस्तकं मिटायला लावली आणि आम्हा पोरांना बाजारात नेलं. आमच्यात काही खाण्याआधी, एवढंच काय, सुवास घेण्याआधीही देवाची स्तुती म्हणतात. तिला बेराखा म्हणतात. झाडाच्या फळाचा वेगळा, जमिनीच्या पिकाचा वेगळा. गुरुजींनी विचारलं, केळं कशात मोडतं? झाडात, आम्ही ओरडलो. चूक. घड दिला की केळ संपते, म्हणून ते जमिनीतलं. मला याची एवढी गंमत वाटली, की दिसेल त्याचा बेराखा मी विचारत सुटले. लिंबाचा झाला, सब्जाचा झाला, शेवटी शेणाचाही विचारला. शेणाला नसतो, असं त्यांनी न रागावता सांगितलं.

खरा प्रश्न मात्र माझ्या पोटातच होता. दारफाळणीचा सण म्हणजे आमचा मोठा उपास. दारं लावून, पांढरे कपडे घालून दिवसभर प्रार्थना. तिन्ही घरांची मंडळी आमच्याच सोप्यात जमायची आणि घरधनी असलेले आप्पा मात्र परसात एकटे बसायचे. त्यांना तपकिरीचं व्यसन होतं. उपास ते पाळायचे, पण चिमूट ओढली नाही की दुपारपर्यंत डोकं फुटायला यायचं. एका सणाला त्यांनी ती ओढली आणि तेव्हापासून आपण देवापुढे बसायच्या लायकीचे नाही, असं मनाशी धरून बसले. बाकीच्या मुली बापाच्या प्रार्थनेच्या शालीत शिरून बसायच्या. मला त्यांचा फार हेवा वाटायचा.

शेवटी मी गुरुजींना विचारलं, तपकिरीला बेराखा असतो का? ते पोट धरून हसले. मग म्हणाले, त्यावर पंडितांचं अजून एकमत नाही. पण उपासाला वास घ्यायला बंदी नाही. उलट त्या दिवशी खाण्याचे बेराखे बुडतात, म्हणून लोक मुद्दाम सुवास घेऊन स्तुती म्हणतात.

मी धावत जाऊन आप्पांना हे सांगितलं.

"इतकी वर्सं वढतोय, पर देवाची आठवण एकदाबी आली न्हाय," ते म्हणाले. "तपकिरीची डबी नगं. दुसरं कायतरी बघ."

मी झपाटल्यासारखी वास गोळा करायला लागले. लिंबू, सब्जा, लवंगा, दालचिनी, शेवंती. शेजारच्या जैन आक्का पर्युषणात स्वतः कडक उपास करायच्या. त्यांनी काही न विचारता चंदनाचा तुकडा दिला.

सणाला आप्पा पांढरा सदरा घालून, शाल पांघरून सोप्यात येऊन बसले, दाराला अगदी खेटून. त्यांनी कपाळ दाबलं की मी ताटातला एक वास पुढे सरकवायची; एकदा हुंगलेलं पुन्हा द्यायचं नाही, असं मी ठरवलं होतं. ते हुंगायचे, अडखळत बेराखा म्हणायचे आणि सगळे आमेन म्हणायचे. दुपारनंतर ते सारखंच कपाळ दाबायला लागले. उजेड कमी झाला तेव्हा माझं ताट रिकामं होतं आणि प्रार्थना बरीच बाकी होती. आप्पांची नजर परसाकडे गेली.

"आप्पा, वास संपलं," मी म्हटलं. मला रडू येत होतं.

त्यांनी मला शालीत ओढलं, माझ्या डोक्याला नाक लावलं आणि खोल श्वास घेतला.

"गुरुजी, ह्येचा बेराखा कोन्चा?"

गुरुजी पुस्तकाची पानं उलटायला लागले. आप्पा त्यांच्यासाठी थांबले नाहीत.

"देवा, ही पोर दिलीस. लई बरं केलंस," ते आपल्या मराठीत म्हणाले.

गुरुजींनी पुस्तक मिटलं. मग आतल्या खोलीतून, बायकांमधून, सगळ्यांच्या आधी माझ्या आईनं आमेन म्हटलं.