घरी नाही, पुन्हा जाणे

खासदारकाकांचा मतदारसंघ जगाच्या पाठीवर उरला नव्हता, तरी त्याचा नकाशा टूनगॅबी उपनगरातल्या त्यांच्या घरात फ्रिजवर लावलेला होता. इंग्लंडमध्ये असताना काका युरोपियन संसदेच्या निवडणुकीत दारोदार प्रचाराला जायचे. आठ गावं मिळून एक मतदारसंघ, त्याचा एकच खासदार. पुढे ते मतदारसंघ मोडून मोठाले विभाग केले, पक्षांच्या याद्या आल्या. "एक माणूस होता तेव्हा शिव्या कुणाला द्यायच्या ते ठाऊक होतं गं," काका म्हणायचे. "यादीला काय शिव्या देणार, कपाळ!"

ते स्वतः खासदार वगैरे कधीच नव्हते. नाव मी ठेवलेलं. मी त्यांच्या घरामागच्या छोट्याशा ग्रॅनी फ्लॅटमध्ये भाड्याने राहायचे.

लॉकडाउन लागला आणि काकांनी प्रचाराची जुनी वही काढली. रोज सकाळी मास्क लावून गल्लीतल्या एकेका फाटकाशी थांबायचे, खुशाली विचारायचे, वहीत त्या घरापुढे खूण करायचे. कुणी बाहेर आलं नाही तर लिहायचे, 'घरी नाही, पुन्हा जाणे.' "पहिले दोन शब्द लिहून थांबतो तो आळशी," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. मला कोविड झाला तेव्हा हा माणूस दिवसातून तीनदा खिडकीशी! शेवटी मी वैतागून ओरडले, "काका, जिवंत आहे मी, झोपू द्या की!"

"ओरडतेस म्हणजे बरी आहेस," म्हणाले आणि खूण करून गेले.

त्यांना ध्यास एकच होता, मरायच्या आधी पुन्हा एकदा मत द्यायचं. इंग्लंडमध्ये भारतीय पासपोर्टवरही मत होतं. इथे मुलाकडे आल्यावर ते गेलं. नागरिकत्वाची शपथ अखेर ऑनलाइन झाली, वर कोट-टाय, खाली लेंगा. मतदार यादीत नाव लागलं, आणि काउन्सिलची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची, निवडणूक कोविडमुळे पुढे गेली. मग पुन्हा गेली. "थांबू की, काय घाई आहे," म्हणायचे, पण चेहरा पडायचा. मला फार वाईट वाटायचं.

मतदानाला सहा दिवस असताना सकाळचा चहा घेता घेता काका खुर्चीतच गेले.

इथे मत दिलं नाही की सरकार जाब विचारतं. काही आठवड्यांनी काकांच्या नावाने पत्र आलं, आपण मत का दिलं नाही ते कळवा. त्यांच्या मुलाने पत्र आणि सोबतचा फॉर्म माझ्यापुढे सरकवला. "तूच भर गं," म्हणाला. फॉर्मवर काय ते मी लिहिलं. मग वही उघडली. गल्लीच्या यादीत काकांनी स्वतःचं घरही सोडलं नव्हतं. त्यापुढे मी लिहिलं, 'घरी नाही.'

पुढचे दोन शब्द काही माझ्याने लिहवेनात.