वर्षभराची नंबर एक गाणी आणि आमची खाली मान

डीजे लावणाऱ्याकडे किस्से आपोआप जमतात. प्रत्येक लग्नातून एखादा टेम्पोत चढून घरी येतोच. पण माझे निम्मे किस्से असे आहेत, की ऐकणारा हसतो आणि मी जमिनीकडे बघतो.

भंडारा जिल्ह्यातल्या सिहोऱ्यात मी आणि माझा दोस्त गुणवंत मिळून डीजे चालवतो. लोकांच्या फर्माईशी गुणवंत एका वहीत लिहितो. ज्या गाण्याला जास्त मागणी, ते त्या महिन्याचं नंबर एक. मागच्या वर्षाची वही उघडली की एकेक गाणं आठवतं, आणि त्यासोबत बाकीचंही.

जानेवारीत एक धडधडीत हिंदी गाणं वर होतं. शाळेच्या गॅदरिंगला चौथीच्या मुलींनी तेच बसवलेलं. मुख्याध्यापिका म्हणजे माझ्याच जुन्या बाई. मी बॉक्स जोडत होतो, तेवढ्यात त्यांनी मला वर्गात बोलावलं आणि हातात खडू दिला.

"याचे शब्द फळ्यावर लिही बरं. आवाजात मला काही कळत नाही."

शंभरदा वाजवलेलं गाणं. पहिली ओळ लिहिली. दुसरीत दारू आली, तिसरीत बाईची कंबर, आणि पुढच्या शब्दापाशी खडू अडला. बाई वाट बघत उभ्या. मग म्हणाल्या, "लिही ना. तुझं अक्षर तर चांगलं होतं."

मी डस्टर घेतलं. मुली त्या दिवशी नुसत्या ठेक्यावर नाचल्या.

मार्चमधलं नंबर एक गाणं एका बाईच्या लाडिक हाकेनं सुरू व्हायचं, "आ ना जानू..." असं. बपेऱ्याला लग्न होतं. वरात नदीपलीकडून, मध्य प्रदेशातून आलेली. भटजींचा माईकही आमच्याच मशीनला जोडलेला. मंगलाष्टकं चालू असताना गुणवंतचा हात लॅपटॉपवर पडला. 'शुभमंगल' झालं आणि 'सावधान'च्या जागी ती बाई आली.

मी लॅपटॉपची वायर उपटली. भटजींनी घसा साफ केला आणि शांतपणे माईकवर म्हणाले, "हे अष्टक माझं नव्हे."

लोक पोट धरून हसले. नवरीचा बाप मात्र हसला नाही. त्यानं आमच्याकडे बघून फक्त हात जोडले.

त्याच सीझनमध्ये माझ्या कानावर आलं, की आमची आई माझा धंदा लपवते. कोणी विचारलं, "पोरगा काय करते?" तर सांगते, "मंडपाचं काम करते." मला लागलं. मी म्हटलं, "आई, खोटं काहून सांगतेस? डीजेची लाज वाटते काय तुले?"

आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मंडपाखाली लोकायले सावली तरी भेटते बापा."

चिखल्याला मॅंगनीजच्या खाणीतले एक काका रिटायर झाले, त्यांचा कार्यक्रम कॉलनीत होता. तेव्हा जोरदार बेसचं एक गाणं वर होतं. काका सगळ्यांना सोडून आमच्या बॉक्सला चिकटून उभे, तळहात जाळीवर. मी माईकवरून थट्टा केली, "काका, मागे व्हा, कान जाईल."

कोणीच हसलं नाही. काकांनी मित्राला खुणेनं विचारलं, हा काय म्हणतो. मित्रानं त्यांच्या कानाला तोंड लावून सांगितलं. काका माझ्याजवळ आले आणि मोठ्यांदा म्हणाले, "कान खाणीतच गेला गा. हाताले येऊन राहिलं, वाजव तू."

वाजवलं. पण माईक मी गुणवंतकडे दिला.

आता मे महिन्यातलं. दुपारची वरात, गल्ली अरुंद, आणि त्या वर्षीचं सगळ्यात मोठं गाणं. एका घरातून बनियनवर एक म्हातारबा धावत बाहेर आले. टेम्पोसमोर उभे राहून दोन्ही हात वरखाली करायला लागले. तोंडानं काही बोलत होते, पण त्या आवाजात मलाच माझं ऐकू येत नव्हतं.

मला वाटलं, रंगात आले. मी माईकवर ओरडलो, "आबासाठी जागा करा!" पोरांनी त्यांना मधे घेतलं, गोल धरला. आबा हात हलवत राहिले. मी गाणं दुसऱ्यांदा लावलं, आवाज वाढवून.

चार दिवसांनी गुणवंतला खरं कळलं. आबांची बायको हृदयाच्या ऑपरेशननंतर वरातीच्या आदल्याच दिवशी भंडाऱ्याहून घरी आली होती. आबा गाणं बंद करा म्हणून सांगायला आले होते.

दोन रात्री मला झोप नाही. तिसऱ्या दिवशी आम्ही दोघं माफी मागायला गेलो. आजी बाजेवर टेकून बसल्या होत्या, तब्येत ठीक होती. आबा दाराशी. मी आजींच्या पायाला हात लावला.

आजी आबांकडे बोट दाखवून म्हणाल्या, "छातीत धडधड होऊन राहिली होती. यायले म्हटलं, जा, बंद करून या. लय वेळ झाला, येतच नाहीत. उठून खिडकीतून पाहिलं, तर हे मधात नाचून राहिले."

आबा खाली बघत म्हणाले, "मी नाचत नव्हतो. हात दाखवत होतो."

"पहिल्या गाण्यात हात दाखवत होते," आजी मला म्हणाल्या. "दुसऱ्यात नाचत होते."