ठेंगूची अंघोळ

कळव्याच्या मिठागरावर गोदासारखी पाटी वाहणारी दुसरी बाई नव्हती. ओल्या मिठाची पाटी डोक्यावर घेऊन ती वीतभर रुंद बांधावरून अशी जाई, की दोन्ही अंगांना भरलेल्या आगरांतलं पाणी हलू नये. बायका म्हणत, हिची मान देवीने दगडाची घडवली. गोदा त्यावर हसत नसे आणि रागावतही नसे. त्या मानेवर मिठाखेरीज आणखी काय काय चढलं, ते त्या बायकांना ठाऊकच होतं.

खाडीवरून आगगाडी जाऊ लागून तीसेक वर्षं झाली, त्या साली गावात देवी आल्या. घरोघर लिंबाचा पाला टांगला गेला. गोदाचा नवरा पाचव्या दिवशी गेला. चार वर्षांची सगुणा त्याच्याशेजारी पाल्यावर निजलेली होती आणि तिच्या अंगावर तीळ ठेवायला जागा नव्हती. गोदा ओल्या लुगड्यानिशी गावदेवीच्या देवळाशी गेली आणि एवढंच बोलली, "पोर ठेव. बोकड देईन."

देवीने पोर ठेवली. डोळे मात्र ठेवले नाहीत.

मग चैत्रात मीठ भरायला एक गलबत आलं. त्याच्या तांडेलाने दूरच्या कुठल्या मुलखातून ठेंगण्या जातीची एक शेळी आणली होती. ती वाटेत व्याली आणि धक्क्याला लागता लागता मेली. पिलू ओंजळीत मावेल एवढं. तांडेलाने ते गोदाच्या रिकाम्या पाटीत ठेवलं आणि तो आपल्या कामाला लागला. पिलू नर होतं. गोदाला वाटलं, देवीने आपलं मागणं आपणच पाठवून दिलं. ती तशीच देवळात गेली, पिलाचं कपाळ पायरीला टेकवलं आणि भगत काळुरामाच्या हातून त्याला हळद लावून घेतली. तिची घाई झाली ती इथे. हळद लागलेल्या बोकडाच्या जागी दुसरा चालत नाही.

शेजारच्या शेळीचं दूध वाटीत घ्यायचं, त्यात चिंधीची वात भिजवायची आणि ती पिलाच्या तोंडात द्यायची, असं महिनाभर चाललं. पिलू चुलीच्या उबेला वाढलं, सगुणाच्या गोधडीत निजलं. त्याने केरसुणी खाल्ली, चटईचे काठ खाल्ले, पण अंगाला काही लागलं नाही. गोदाच्या गुडघ्यापाशी येऊन त्याची वाढ थांबली. सगुणाने त्याला ठेंगू म्हटलं. संध्याकाळी गोदा आगरावरून आली की तो तिच्या नडग्यांवर सुकलेलं मीठ चाटी. भेगांत झोंबे, तरी ती पाय मागे घेत नसे.

पुढे तोच सगुणाचे डोळे झाला. गळ्यात घुंगरू, दाव्याचं टोक पोरीच्या मुठीत. तो पुढे आणि ती मागे, अशी दोघं खाजणाच्या बांधावरून पार खाडीपर्यंत जात. परत आली की दोघांचेही पाय चिखलाने माखलेले. मग दारात अंघोळ. सगुणा त्याच्या पाठीवर लोटी ओती आणि तो पुतळ्यासारखा उभा राही. ती आपलं तोंड अगदी जवळ नेऊन म्हणे, "झटक, ठेंगू." मगच तो अंग झटकी. थेंब तोंडावर उडाले की पोर हसे. दिवसभरात ती तेवढंच हसे.

दर जत्रेला काळुराम ठेंगूला देवळाच्या दुसऱ्या पायरीशी उभा करून पाठ तिथवर पोचली का ते मापी आणि म्हणे, अजून लहान आहे, वाढू दे. पहिल्या वर्षी जत्रेआधी गोदाने त्याचा चारा चोरून निम्मा केला होता. पुढे तशी गरज पडली नाही. चार वर्षं ती देवीच्या पाया पडून आली, आणि मनात काय मागितलं ते तिने कुणाला सांगितलं नाही.

पाचव्या वर्षी पटकीची साथ आली. आठ दिवसांत सात माणसं गेली, त्यांत काळुरामाची सून होती. तो गोदाच्या दारात आला तेव्हा त्याच्या आवाजात राग नव्हता.

"गोदे, आता पायरीचं माप नको. त्याला दाढी आली."

गोदा म्हणाली, दुसरा देते, मोठा देते. काळुराम म्हणाला, हळद याला लागली आहे. तिचा दीर भिवा त्याच्या मागे उभा होता. तो खाली बघून म्हणाला, "वहिनी, नवस राहिला म्हणून लोक तुझ्या दाराकडे बघून थुकतात. मी काय सांगू त्यांना?"

जाता जाता काळुरामाने सांगितलं, की पोरीलाही आणावं लागेल. नवस तिच्या जिवासाठी होता.

सकाळी गोदाने सगुणाची वेणी घातली. देवीपुढे ठेंगूला अंघोळ घालायची आहे, असं तिने सांगितलं.

"मग घरी?" सगुणाने विचारलं.

"मग घरी."

देवळापुढे सारं गाव जमलं होतं. भिवाने दावं धरलं. काळुरामाने ठेंगूच्या पाठीवर तांब्यातलं पाणी ओतलं. बोकडाने अंग झटकलं की देवीने घेतला, अशी रीत. तीनदा ओतून झटकलं नाही, तर देवीला नको; मग त्याला सोडून द्यायचं.

पहिल्यांदा ओतलं. ठेंगू उभाच. दुसऱ्यांदा ओतलं. पाणी त्याच्या दाढीवरून ठिबकत राहिलं. गाव मरत होतं, देवी समोर होती आणि गोदा देवीच्या तोंडावर देवीविरुद्ध मागत होती. तिसऱ्यांदा ओतलं. ठेंगू हलला नाही. काळुरामाने तांब्या खाली ठेवला आणि बोलायला तोंड उघडलं.

तेवढ्यात गोदाच्या हातातला हात सुटला. सगुणा घुंगराच्या रोखाने दोन पावलं पुढे गेली, वाकली आणि तोंड जवळ नेऊन म्हणाली, "माणसांना लाजतोय तो. झटक, ठेंगू."

ठेंगूने अंग झटकलं.

थेंब पोरीच्या तोंडावर उडाले आणि ती हसली. भिवाने ठेंगूला उचललं. गोदाने पोरीला ओढून तिचं तोंड पोटाशी दाबलं, तिचे दोन्ही कान तळव्यांनी घट्ट झाकले, आणि स्वतः मात्र सगळं ऐकलं.

पटकी पुढेही वीस दिवस राहिली. आणखी चौघं गेली. काळुराम त्यांत होता. बळीच्या दिवशी घरी आलेला पानावरचा मटणाचा वाटा गोदाने बांधाखाली पुरला. सगुणा तीन दिवस दावं घेऊन उंबऱ्यावर बसून होती. चौथ्या दिवशी तिने विचारलं, "आये, मी बोलली नसती तर?"

"तरी झटकलंच असतं. देवीचा कौल होता."

सगुणाने दाव्याची गाठ चाचपली. "नाय," ती म्हणाली. "माझ्याबिगर तो झटकत नव्हता."

गोदाने दाव्याचं एक टोक आपल्या कमरेला बांधलं आणि दुसरं पोरीच्या मुठीत दिलं. पुढे कित्येक वर्षं दोघी तशाच बांधावरून जात राहिल्या, डोक्यावर पाटी घेतलेली आई पुढे आणि पोर मागे. फक्त संध्याकाळी गोदा दारात पायांवरचं मीठ धुवायला लोटी उचलू लागली, की सगुणा दावं टाकून आत जाऊन बसे आणि पाणी पडायचं थांबेपर्यंत बाहेर येत नसे.