ताटात मावणारं पापलेट

मंडळी, निगडीतल्या माझ्या मासळीच्या दुकानात ‘शाश्वत मासेमारीला साथ द्या’ असा फळा कधीपासून लटकतोय. कुणी ढुंकून बघत नाही.

आज चाकणच्या कंपनीतले एक दादा आले. “ताई, माणशी एक अख्खं, ताटात मावेल असं पापलेट द्या.”

“तेवढी पिल्लं मी ठेवत नाही. त्यांनी एकदाही अंडी घातलेली नसतात. तीच खाल्ली, तर पुढं पापलेट येणार कुठून?”

“मग पापलेट सोडायचं?”

“नाही हो! मोठं घ्या, काप करून देते.”

काप घेऊन जाताना म्हणाले, “हेच फळ्यावर लिहा की!”

लगेच पुसून लिहिलं. संध्याकाळी एकानं छोटं पापलेट मागितलं. मी तोंड उघडायच्या आत शेजारच्या काकूंनीच त्याला फळा दाखवला.

तुमच्या ताटात अख्खंच लागतं, की काप चालतील?