काकांची लिली

शेजारचे काका आमच्या चिंगी मांजरीला उघड शिव्या देतात. ती त्यांच्या गॅलरीत शिरली की लगेच हाक येते, "ताई, तुमची महाराणी आली बघा, लय माजलीय!" बोलता बोलता ते तिला दूधही घालतात. पण त्यांचा खरा जीव कुंड्यांवर. यंदा त्यांच्या लिलीला पहिली कळी आली, तेव्हा मी स्पष्ट सांगितलं, "काका, हिचे पराग चाटले तरी मांजर दगावतं. मी चिंगीला कोंडून ठेवते."

"तिला कामून कोंडता?" म्हणत त्यांनी कळीवरून एकदा हात फिरवला आणि कुंडी त्याच दुपारी बोरी गावाला लेकीकडे पाठवली, तिच्याकडे मांजर नाही.

मग खुर्ची ओढून बसले. "आता बाकीच्यातलं काय काय विषारी हाय ते बी सांगा, ताई. एकदाच रडून घेतो."