आमचे आबा स्पॅममध्ये

गेल्या मंगळवारी भर दुपारी परंदवडीच्या आमच्या पडवीत लॅपटॉप मांडीवर घेऊन मी एकटीच हसत सुटले होते... आबांना वाटलं, सुनेचं काहीतरी बिनसलंय. बिनसलं होतंच, पण ते आधीचा महिनाभर.

थोडं मागून सांगते. आम्ही आमच्या शेतातला इंद्रायणी तांदूळ थेट गिऱ्हाइकांना देतो आणि वर्षभर त्यांना ईमेलवर पत्र पाठवतो. भाताची आवणी, म्हणजे लावणी, कशी झाली, लोंब्या कधी धरल्या, असलं काहीबाही... आणि शेवटी एक ठरलेला कोपरा, 'आबा म्हणतात'.

आबा म्हणजे माझे सासरे. ते बोलतात, मी टाइप करते. आणि खरं सांगू का, लोक पत्र उघडतात ते त्या कोपऱ्यासाठीच... माझं शेतीचं ज्ञान कोण वाचतंय!

दर वर्षी दिवाळीनंतर झोडणीला आम्ही या सगळ्यांना शेतावर बोलावतो. भात झोडायचा, नव्या तांदळाचा भात आणि वांग्याचा रस्सा हाणायचा, मग आबांभोवती कोंडाळं करून बसायचं. आबा त्या दिवसासाठी फेट्याचं कापड पेटीतून आधीच काढून ठेवतात.

यंदा मेलचे नियम कडक झालेत असं कळलं, म्हणून व्हिडिओ बघून बघून मी आमच्या डोमेनच्या, म्हणजे मेलच्या पत्त्यातल्या आमच्या नावाच्या, सेटिंगमध्ये शिरले. आमच्या नावानं कोण मेल पाठवू शकतं, याची एसपीएफ नावाची नोंद टाकली. वर डीमार्क नावाच्या नियमात ठणकावून सांगितलं की ओळख पटली नाही तर मेल सरळ स्पॅममध्ये टाका! इतकी खूश झाले की स्वतःसाठी आलं घालून चहा केला.

आणि झालं... ओपन रेट, म्हणजे पत्र उघडणाऱ्यांचा आकडा, धपकन खाली. झोडणीचं आमंत्रण गेलं, तर ते उघडणारे बोटांवर मोजावेत इतकेच.

आबा रोज संध्याकाळी विचारायचे, "काय गं, कुनी काय कळवलं का?" मी आपलं काहीतरी सांगून वेळ मारून न्यायची. एक दिवस म्हणाले, "ऱ्हाऊ दे. मानसं कंटाळली आसतील म्हाताऱ्याच्या बडबडीला. या साली झोडनी आपली आपुनच उरकू." आणि फेट्याचं कापड परत पेटीत गेलं.

मी पत्राचा विषय बदलला, फोटो कमी केले, पाठवायची वेळ बदलली. सगळं केलं, पण पत्र पोचतंय का, हेच बघितलं नाही. शहाणी ना मी!

शेवटी मंगळवारी लोणावळ्याच्या मावसबहिणीला फोन केला, म्हटलं आमचं पत्र जरा शोध. ती खो खो हसायला लागली. "अगं, इथे स्पॅममध्ये पडलंय की! एका बाजूला लॉटरी, दुसऱ्या बाजूला झटपट कर्ज... आणि मधोमध आपले आबा!"

मग एका फुकटच्या साइटवर आमचं डोमेन तपासलं. लाल अक्षरांत उत्तर आलं, एसपीएफच्या दोन नोंदी आहेत. नियम असा, की एका डोमेनला एकच नोंद हवी... दोन दिसल्या की दोन्ही बाद.

एक माझी. दुसरी दादांची, म्हणजे माझ्या मोठ्या दिरांची. ते नवलाख उंबरे गावातल्या एका कंपनीत कॉम्प्युटर सांभाळतात, आमच्या तांदळाच्या ऑर्डरींच्या मेलसाठी त्यांनीच ती पूर्वी टाकलेली. मला ती दिसली होती हो! पण थोरल्या दिरांच्या कामात आपण कसा हात घालायचा... म्हणून मर्यादा पाळून मी माझी वेगळी, तिच्याखाली टाकली.

दादांना फोन लावला. ते म्हणाले, "मनीषा, तुझी नोंद मी पण बघितली होती गं. म्हटलं, हौसेनं केलंय पोरीनं, आपण कशाला खोडा..." अरे देवा! आम्ही दोघं एकमेकांचा मान राखत बसलो आणि आबांची रवानगी लॉटरीवाल्यांत. माझं ते हसू तिथलं.

दादा ड्युटी संपवून तडक आले. शेजारी बसून आम्ही दोन्ही नोंदींची मिळून एकच ओळ केली. डीकेआयएम, म्हणजे मेलवरची सही, मी 'मग बघू' म्हणून सोडली होती, तीही घातली.

आबांना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी आमच्या दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. "आरं, मळनीचा बैल बांधायला खळ्यात तिवडा एकच आसतो. दोन रोवल्यावर त्यानं फिरायचं कुनाभवती?"

दुसऱ्या दिवशी आमंत्रणाचं पत्र पुन्हा पाठवलं... आणि उत्तरांची रीघ लागली! पुण्याच्या एका काकूंनी लिहिलं होतं, 'महिनाभर पत्र नाही. फोन करायची हिंमत होत नव्हती. आबा बरे आहेत ना?'

ते वाचून दाखवलं तर आबा डोळे मोठे करून म्हणाले, "म्हंजी मी गेलो वाटलं व्हय त्यास्नी?" आणि हसता हसता त्यांना ठसकाच लागला.

काल रविवारी झोडणी झाली. उर्स्याच्या टोलनाक्यापासूनच लोकांचे फोन, 'आलो, आलो'... भाताचं पातेलं दुसऱ्यांदा चढवावं लागलं. आबा फेटा बांधून वाटेतच उभे, आणि येईल त्याला सांगतायत, "हाय बरं का अजून! हितंच हाय!"

त्या काकूंनी गाडीतून उतरल्या उतरल्या आबांचे हात धरले. आबा म्हणाले, "आवं, रडताय काय... जेवा की!" आणि स्वतःच फेट्याच्या शेवानं डोळे पुसत बसले.

मान राखावा, पण विचारायला काय जातं, एवढं दादा आणि मी दोघंही शिकलो. आणि ज्यांनी पत्र आलं नाही म्हणून काळजी केली, त्या सगळ्यांचे किती आभार मानू, खरंच कळत नाही...

संध्याकाळी आवराआवर करताना आबांना विचारलं, फेटा पेटीत ठेवू का? तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे भाईर. आन् बस हितं, फुडचं पत्र लिवून घे... लय सुचलंय."