चालू फोनवर कार्ड बदलणारे

आमच्या टेलिफोन एक्स्चेंजमधले ते जुने टेक्निशियन. मशीन बंद करा म्हटलं की चिडायचे. मेमरीचं कार्ड बिघडलं आणि नगरहून साहेब म्हणाले, "थोडा वेळ बंद ठेवा," की यांचं ठरलेलं, "कशापायी? लोकं बोलत्यात. जोडीचं दुसरं कार्ड चालू हाय की."

मग आधी कोल्हारला बायकोला फोन लावायचे. "बोलत ऱ्हा," एवढंच सांगायचे. रिसीव्हर खांद्यात धरून एका बोटानं कमांड मारायचे. कार्ड कामातून निघाल्याचं पडद्यावर दोनदा वाचायचे आणि सरळ ओढून काढायचे. तिकडे वहिनींचं कांद्याच्या रोपाबद्दल चालूच. नवं कार्ड बसवून दुसरी कमांड मारेपर्यंत त्यांचा एक शब्द तुटायचा नाही.

"घरीच का लावता?" मी एकदा विचारलं.

"दुसऱ्याचा तुटला तर मला कुठं कळनार? हिचा तुटला तर संध्याकाळी ऐकावं लागतं."

एकदा त्यांनी कीबोर्ड माझ्याकडे सरकवला. मी कमांड मारली, पडदा दोनदा वाचला, कार्डाला हात घातला. त्यांनी मनगट धरलं आणि रिसीव्हर पुढे केला.

"आदी तुज्या आईला लाव."